लस नंतर आली, आधी उंदीर: डासाच्या विषाणूची टेस्ट स्वस्त करणारे मॅक्स थायलर

पावसाळा लागला की पॅथॉलॉजी लॅबसमोर रांगा लागतात. तीन दिवस ताप उतरला नाही की डॉक्टर चिठ्ठीवर एनएस-वन, आयजीएम असं काहीतरी लिहून देतात. सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी डेंग्यू आहे की नाही ते व्हॉट्सअॅपवर येतं. डास चावून शरीरात गेलेला विषाणू रक्तावरून ओळखता येतो, याचं आता कुणाला नवल वाटत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मात्र अशा विषाणूची टेस्ट म्हणजे जिवावरचं काम होतं. एकेका नमुन्यासाठी एक जिवंत माकड लागायचं, आणि टेस्ट करणारा डॉक्टर त्याच आजाराने जायची शक्यताही असायची. त्या आजाराचं नाव यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर. आणि त्याची टेस्ट माकडावरून उंदरावर आणणाऱ्या माणसाचं नाव मॅक्स थायलर.

थायलर यांना 1951 साली नोबेल मिळालं ते पीतज्वराच्या लसीमुळे, त्यामुळे शाळेच्या पुस्तकांपासून क्विझपर्यंत सगळीकडे ते लसवाले थायलर म्हणूनच येतात. पण ती लस ज्या कामावर उभी राहिली, ते काम टेस्टचं होतं.

मॅक्स थायलर यांचा जन्म 30 जानेवारी 1899 चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा. वडील अर्नोल्ड थायलर मूळचे स्वित्झर्लंडचे, गुरांचे डॉक्टर. आफ्रिकेत आल्यावर थोड्याच दिवसांत शेतीच्या यंत्रात सापडून त्यांचा डावा हात गेला. तरी हा माणूस थांबला नाही. गुरांच्या बुळकांड्या रोगावर त्यांनी काम केलं आणि पुढे प्रिटोरियाजवळ ऑंडरस्टेपूर्ट इथे जनावरांच्या आजारांवर संशोधन करणारी नामांकित संस्था उभी केली. ब्रिटिशांनी त्यांना सर ही पदवी दिली. चार भावंडांत धाकटा असलेला मॅक्स अशा घरात वाढला. रोग, लस, प्रयोगशाळेतली जनावरं हे विषय त्याच्यासाठी घरचेच होते.

केपटाऊनला दोन वर्षं वैद्यकीय शिक्षण घेऊन 1919 मध्ये थायलर लंडनला गेले. तिथे गोची झाली. केपटाऊनची दोन वर्षं लंडन विद्यापीठाने धरलीच नाहीत. मग त्यांनी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये शिकून डॉक्टरकीचा परवाना देणारी परीक्षा दिली, उष्ण प्रदेशातल्या आजारांचा डिप्लोमा केला आणि विषय संपवला. एमडी त्यांनी कधीच केलं नाही. नोबेल मिळालेल्या या माणसाकडे वैद्यकशास्त्राची विद्यापीठाची पदवी नव्हती.

1922 मध्ये ते अमेरिकेत बोस्टनला, हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय आजारांच्या विभागात रुजू झाले. तिथे त्यांची गाठ पडली पीतज्वराशी.

हा आजार तेव्हा दक्षिण अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेत धुमाकूळ घालत होता. ताप येतो, अंग पिवळं पडतं, काळी उलटी होते, आणि आजार बळावला तर माणूस जातो. तो डासामुळे पसरतो असं क्यूबाचे कार्लोस फिनले यांनी 1881 मध्येच मांडलं होतं. 1900 मध्ये अमेरिकन लष्कराचे डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने क्यूबातच ते सिद्ध केलं. हा डास म्हणजे एडिस इजिप्ती. आपल्याकडे कूलरमध्ये आणि कुंडीखालच्या ताटलीत वाढणारा, डेंग्यूवाला, तोच.

डास सापडला होता, पण जंतू सापडत नव्हता. आणि जंतू हातात नसेल तर टेस्ट कशाची करणार? अंग पिवळं पडणारा प्रत्येक रुग्ण पीतज्वराचा नसतो. मलेरियात होतं, काविळीत होतं, लेप्टोस्पायरोसिसमध्येही होतं. पक्कं निदान बहुतेकदा रुग्ण गेल्यावर, त्याचं यकृत मायक्रोस्कोपखाली ठेवून व्हायचं.

याच गोंधळात एक मोठा माणूस फसला. हिदेयो नोगुची, जपानी शास्त्रज्ञ, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधलं फार मोठं नाव. 2004 पासून वीस वर्षं जपानच्या एक हजार येनच्या नोटेवर त्यांचाच चेहरा होता. 1918 मध्ये ते इक्वाडोरमधल्या ग्वायाकिल शहरात गेले आणि पीतज्वराचा जंतू सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. लेप्टोस्पायरा जातीचा, स्क्रूसारखा वळलेला जिवाणू. त्यावरून लस बनली, सीरम बनलं आणि ते लोकांना टोचलंही गेलं.

हार्वर्डमधल्या तरुण थायलर यांनी त्यांचे वरिष्ठ अँड्र्यू सेलार्ड्स यांच्यासोबत हा जंतू तपासायला घेतला. पीतज्वराचा म्हणून सांगितला जाणारा आणि उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, असे दोन्ही जंतू त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींत काही फरकच निघेना. थोडक्यात, नोगुची यांनी ज्या रुग्णांचं रक्त घेतलं होतं ते पीतज्वराचे नव्हतेच. साथीत दोन आजार मिसळले होते आणि वेगळे करायला टेस्ट नव्हती. चूक नोगुची यांचीच, पण टेस्ट नसलेल्या काळात ती कुणाच्याही हातून झाली असती, हेही तितकंच खरं.

मग 1927 साल उजाडलं. रॉकफेलर फाउंडेशनचं एक पथक पश्चिम आफ्रिकेत तळ ठोकून होतं. तिथली माकडं पीतज्वराने आजारी पडत नव्हती, म्हणून त्यांनी ऱ्हीसस माकडं मागवली. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतात देवळांच्या आवारात दिसणारी लाल तोंडाची माकडं. आजच्या घानामधल्या असिबी नावाच्या 28 वर्षांच्या तरुणाला पीतज्वर झाला होता. त्याचं रक्त एका ऱ्हीसस माकडाला टोचलं आणि माकड मेलं. त्या माकडापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला असा विषाणू पुढे नेता आला. असिबी बरा झाला. त्याच्या रक्तातल्या विषाणूला त्याचंच नाव पडलं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता विषाणू हातात होता, पण त्याची किंमत भयंकर होती. पथकातले एड्रियन स्टोक्स सप्टेंबर 1927 मध्ये पीतज्वरानेच गेले. आपला जंतू खरा आहे हे दाखवायला नोगुची स्वतः आक्राला पोहोचले, आणि 21 मे 1928 रोजी तेही पीतज्वराने गेले. त्यांचं शवविच्छेदन करणारे विल्यम यंग नऊच दिवसांत दगावले. 1921 ते 1930 या काळात रॉकफेलरच्या सहा संशोधकांचा जीव या एका आजाराने घेतला.

त्यात माकड महाग. ते भारतातून बोटीने यायचं, वाटेत मरायचं, पोचलं तर जागा खायचं, चावायचं. एखाद्या गावात पीतज्वर येऊन गेला आहे का, हे शोधायला शंभर लोकांचं रक्त तपासायचं म्हटलं तर निदान शंभर माकडं हवीत. म्हणजे ते होणारच नाही.

थायलर यांनी विचार केला तो उंदरांचा. पांढरे उंदीर स्वस्त, छोट्या पेटीत डझनभर मावतात. अडचण एकच होती. नेहमीच्या पद्धतीने विषाणू टोचला तर मोठ्या उंदराला काहीच व्हायचं नाही. म्हणून थायलर यांनी तो थेट उंदराच्या मेंदूत टोचला. हा मार्ग अगदीच नवा नव्हता, पाश्चर यांनी रेबीजचा विषाणू सशांच्या मेंदूतूनच वाढवला होता. उंदीर मेले. त्यांच्या मेंदूचा अंश दुसऱ्या उंदरांच्या मेंदूत टोचला, तेही मेले.

1930 मध्ये हे निष्कर्ष सायन्स या नियतकालिकात छापून आले आणि शंका सुरू झाल्या. शंका रास्त होत्या. पीतज्वरात यकृत खराब होतं, इथे उंदरांचं यकृत ठणठणीत होतं आणि ते मेंदूज्वराने मरत होते. मग हा पीतज्वरच कशावरून? उंदरांच्या मेंदूत आधीपासून लपलेला दुसराच एखादा विषाणू कशावरून नसेल? नोगुची प्रकरण ताजं होतं. लेप्टोस्पायराला पीतज्वर समजून एकदा पोळलेले लोक आता ताकही फुंकून पीत होते.

थायलर यांनी याचं उत्तर ज्या प्रयोगाने दिलं, त्यालाच पुढे टेस्टचं रूप आलं. पीतज्वरातून बऱ्या झालेल्या माणसाचं किंवा माकडाचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी, त्यांनी या विषाणूत मिसळलं आणि ते मिश्रण उंदरांना टोचलं. उंदीर जगले. ज्यांना पीतज्वर कधीच झाला नव्हता त्यांचं सीरम मिसळलं, तेव्हा उंदीर मेले. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी पीतज्वराच्या विषाणूला ओळखतात आणि त्या उंदरातल्या विषाणूला निकामी करतात, म्हणजे दोन्ही विषाणू एकच.

थायलर यांच्या स्वतःच्या रक्तातही या अँटीबॉडी होत्या. 1929 मध्ये प्रयोगशाळेत काम करताना त्यांना पीतज्वराची लागण झाली होती. आजार सौम्य निघाला, ते वाचले आणि कायमचे सुरक्षित झाले. वर्षभर आधी लग्न झालं होतं. स्टोक्स, नोगुची, यंग यांची यादी डोळ्यांपुढे ठेवली तर हे प्रकरण किती थोडक्यात निभावलं ते कळतं.

1930 मध्येच ते हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या विल्बर सॉयर आणि रे लॉइड यांनी 1931 मध्ये टेस्टची आणखी सुधारलेली पद्धत काढली. विषाणू आणि तपासायचं सीरम उंदराच्या पोटात टोचायचं आणि त्याच वेळी मेंदूत थोडं स्टार्चचं पाणी. स्टार्चमुळे मेंदूला किंचित इजा होते आणि विषाणू तिथे जाऊन बसतो. सीरममध्ये अँटीबॉडी असतील तर उंदीर वाचतो, नसतील तर मरतो. उत्तर हो किंवा नाही. या टेस्टला उंदीर संरक्षण चाचणी असं नाव पडलं. तिच्यात प्राण्यांचे हाल होते यात शंका नाही, आणि आजच्या नियमांत ती सहजासहजी बसणार नाही.

पण या टेस्टने जे दिसलं ते आधी कुणालाच दिसलं नव्हतं. पीतज्वराच्या अँटीबॉडी रक्तात अनेक वर्षं टिकतात. म्हणजे आज गावात एकही रुग्ण नसला तरी लोकांचं रक्त तपासून पूर्वी तिथे साथ येऊन गेली होती का ते कळतं. त्यात लहान मुलांचं रक्त पॉझिटिव्ह आलं तर आजार अलीकडेच येऊन गेला आहे. वेगवेगळ्या देशांतून सीरमच्या बाटल्या न्यूयॉर्कला येऊ लागल्या आणि तिथे पीतज्वराचा नकाशा तयार होऊ लागला. आफ्रिकेत हा आजार पश्चिम किनाऱ्यापुरता आहे असा समज होता. तो पार आत, पूर्वेला सुदान आणि युगांडापर्यंत पोहोचल्याचं रक्ताने सांगितलं, आणि तेही जिथे साथीची कुठे नोंद नव्हती अशा भागांतून. 1940 मध्ये सुदानच्या नुबा डोंगराळ भागात खरोखरच साथ उसळली आणि सुमारे दीड हजार माणसं गेली.

या नकाशाकडे भारत सरकार डोळ्यात तेल घालून बघत होतं. आशियातल्या लोकांच्या रक्तात पीतज्वराचा माग सापडत नव्हता. दिलासा वाटावा अशी गोष्ट, पण तिचा दुसरा अर्थ असा होता की इथे कुणाकडेच प्रतिकारशक्ती नाही. एडिस डास मात्र घरोघरी. त्यात विमानं सुरू झालेली. आफ्रिकेत डास चावलेला माणूस आजारी पडण्याआधीच मुंबई किंवा कराचीत उतरू शकत होता. आजही पीतज्वराच्या देशातून लसीच्या सर्टिफिकेटशिवाय भारतात आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जातं, त्या नियमाचं मूळ याच भीतीत आहे. भारतात पीतज्वर आजवर आलेला नाही. का आला नाही, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

आता लसीकडे येऊ. उंदरांच्या मेंदूतून पुन्हा पुन्हा नेलेला विषाणू माकडांचं यकृत खराब करेनासा होतो हे थायलर यांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे विषाणू बोथट करता येतो. पण मेंदूत वाढलेल्या विषाणूला मेंदूचीच चटक लागलेली. फ्रेंचांनी तशी लस आफ्रिकेत वर्षानुवर्षं वापरली आणि काही मुलांना तिच्यामुळे मेंदूज्वर झाला. थायलर यांना तो धोका नको होता.

त्यांनी असिबीचा विषाणू घेतला आणि तो काचेच्या भांड्यात, जिवंत पेशींत वाढवायला सुरुवात केली. आधी उंदराच्या गर्भाच्या पेशी, मग कोंबडीच्या गर्भाच्या, आणि शेवटी मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भाच्या. ठरावीक दिवसांनी जुन्या भांड्यातून नव्या भांड्यात. 17 क्रमांकाच्या या प्रयोगमालिकेतल्या डी शाखेत 89 व्या आणि 114 व्या पिढीच्या दरम्यान कधीतरी विषाणू बदलला. माकडाच्या मेंदूत टोचला तरी माकड मरेना, उलट त्याला प्रतिकारशक्ती आली. नेमकं कधी आणि कशाने बदललं ते थायलर यांना सांगता आलं नाही. त्यांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, पण तसा विषाणू परत मिळाला नाही. नशिबाचा भाग होताच. पण विषाणू बदलला आहे हे कळलं ते दर टप्प्यावर उंदीर आणि माकडांवर केलेल्या तपासणीमुळे.

ही 17डी लस 1937 मध्ये थायलर आणि ह्यू स्मिथ यांनी जाहीर केली. ब्राझीलमध्ये 1938 अखेरपर्यंत दहा लाखांहून जास्त लोकांना ती टोचली गेली. 1940 ते 1947 या काळात रॉकफेलर फाउंडेशनने 2 कोटी 80 लाखांहून अधिक डोस बनवले. आज आफ्रिकेत जाणारा माणूस जी लस घेतो, ती याच 17डीच्या वंशातली. म्हणजे असिबीच्या रक्तातूनच आलेली.

या यशाला एक काळी किनार आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाचं सीरम मिसळत असत. ब्राझीलमध्ये लस घेतलेल्या काहींना कावीळ झाली, तेव्हा तिथल्या पथकाने सीरम वापरणं थांबवलं. न्यूयॉर्कमधलं उत्पादन मात्र तसंच चालू राहिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ही लस दिली गेली आणि 1942 मध्ये सुमारे 50 हजार सैनिक काविळीने आजारी पडले. सीरम देणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात हिपॅटायटिस बी होता. पीतज्वराचा विषाणू ओळखणारी टेस्ट होती, हिपॅटायटिसची नव्हती. ती यायला आणखी पाव शतक जायचं होतं. शेवटी सीरमशिवायच्या लसीवर सगळे आले.

थायलर स्वतः प्रयोगशाळेतला माणूस. ठेंगणे, बोलायला कमी, बेसबॉलचे वेडे. उंदरांशी इतका संबंध आला की उंदरांना होणारा पोलिओसारखा एक आजार त्यांनी शोधला. त्याचा विषाणू थायलर यांच्याच नावाने ओळखला जातो आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या अभ्यासात आजही वापरला जातो. 1951 मध्ये नोबेल जाहीर झालं, तेव्हा पैशाचं काय करणार असं पत्रकारांनी विचारलं. स्कॉचची एक पेटी घेऊन डॉजर्सची मॅच बघणार, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. आफ्रिकेत जन्मलेले ते पहिले नोबेल विजेते.

त्यांच्या पद्धतीचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. एव्हाना पीतज्वर शोधायला गेलेल्यांच्या हाती दुसरेच विषाणू लागत होते. युगांडात एंटेबीच्या पीतज्वर संशोधन संस्थेने 1947 मध्ये झिकाच्या जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका ऱ्हीसस माकडाला ताप आला. त्याचं रक्त थायलर यांच्याच पद्धतीने उंदरांच्या मेंदूत टोचलं आणि झिका विषाणू सापडला. असे आणखी किती आहेत हे शोधायला रॉकफेलर फाउंडेशनने जगभर प्रयोगशाळा काढायचं ठरवलं. त्यातली एक 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसोबत पुण्यात सुरू झाली, व्हायरस रिसर्च सेंटर. हीच आजची एनआयव्ही. या सगळ्यांचं मुख्य केंद्र होतं न्यूयॉर्कची प्रयोगशाळा, आणि 1951 पासून तिचे संचालक थायलर होते.

पुण्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे भारतीयांचं रक्त उंदरांवर तपासणं. 1954 मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत 196 पैकी 33 जणांच्या सीरमने झिका विषाणूला रोखल्याचं दिसलं. मात्र डेंग्यूच्या अँटीबॉडी झिकालाही थोड्याफार चिकटतात, त्यामुळे हे सगळे झिकाचेच होते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ही अडचण लॅबवाल्यांना आजही येते. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला, तोही एनआयव्हीच्याच तपासणीतून.

1957 मध्ये तर थायलर यांच्या जुन्या शत्रूचीच चाहूल लागल्यासारखं झालं. कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणू लागली. आधी माकडं आणि मग माणसं, हे लक्षण जंगलातल्या पीतज्वराचं. तो अखेर भारतात आला की काय, या धास्तीने पुण्याचं पथक तिथे पोहोचलं. नमुने उंदरांना टोचले गेले आणि विषाणू हाती लागला. पीतज्वर नव्हता. गोचिडीतून पसरणारा नवाच विषाणू होता, तोच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आजचा माकडताप.

आता ही कामं उंदरांऐवजी पेशींवर होतात. सीरम विषाणूत मिसळायचं आणि पेशी वाचतात का ते बघायचं. डेंग्यू आणि झिकात घोळ झाला की निर्णय देताना आजही याच पद्धतीकडे जावं लागतं.

थायलर 1964 मध्ये येल विद्यापीठात प्राध्यापक झाले, तीन वर्षांनी निवृत्त झाले आणि 11 ऑगस्ट 1972 रोजी गेले. डास आणि गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूंवर विल्बर डाउन्स यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं जाडजूड पुस्तक 1973 मध्ये छापून आलं. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली आणि पुण्याचे शास्त्रज्ञ रक्ताचे नमुने गोळा करायला बार्शीला गेले.